हाजी तालिबच्या बरणीतलं जायफळ

ईदला तीन दिवस उरले असताना हाजी तालिबने वा रसिमाच्या, जायफळं सुकवायच्या धुरघराची किल्ली काढून घेतली. तिच्याकडे मागितली असती तर तिने निदान दोन शब्द ऐकवले असते. त्याने ती दाराजवळच्या खिळ्यावरून परस्पर उचलली आणि कमरेच्या पट्ट्यात खोचली. रसिमा डोंगरावरून उतरून अंगणात आली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच, की बत्तीस वर्षं ज्या खिळ्याला किल्ली लटकत होती तो खिळा रिकामा आहे आणि तिच्या दारात तिघे पुरुष चपला घालून उभे आहेत.

"ही टोपली कसली?" हाजीने विचारलं.

पाऊण टोपली जायफळं मांडवावर सुकत होती. खाली कनारीच्या रानबदामांच्या करवंट्यांची बारीक धग होती.

"कबुतरांनी टाकलेल्या बिया आहेत," रसिमा म्हणाली. "आणि आधी चपला काढा. माल सुकतो तिथं कुणी चपला घालून येत नाही, हे तुमच्या वडिलांनीच मला शिकवलंय."

चपला कुणी काढल्या नाहीत.

"वरच्या बागेतली तीन झाडं ओरबाडलीयत," हाजी म्हणाला. "सासी चालू असताना. आणि अख्ख्या गावात जायफळ सुकतंय ते फक्त तुझ्या इथं."

सासी म्हणजे बंदी. वाटेवर नारळाच्या कोवळ्या झावळ्या बांधल्या की त्या दिवसापासून झाडावरच्या फळाला कुणी हात लावायचा नाही. ती सुटेपर्यंत फळ आपलं आपण पिकतं. जमिनीवर पडलेलं मात्र चालतं. रानकबुतर पिकलेलं फळ फोडून बी तिच्यावरच्या लाल जायपत्रीसकट गिळतं, पत्री पचवतं आणि बी टाकून देतं. ती बी ज्याला सापडेल त्याची. हा नियम हाजीच्या पणजोबांच्याही आधीचा होता आणि हाजी तर सासीचा मुख्य राखणदार.

"अहो, उचलून बघा तरी," रसिमाने टोपलीतली एक बी त्याच्या नाकासमोर धरली. "हाताने पत्री सोलली की बुडाशी लाल दोरा राहतोच, कितीही घासा. हिच्यावर आहे? आणि झाडावरून काढली असती तर पत्री कुठंय? पत्री टाकून बी ठेवणारा चोर बघितलाय का कधी?"

"लपवली असशील."

"आणि वर चोरीला गेलंय काय? हिरवी फळं! मी आपल्या डोळ्यांनी बघून आले. कोवळी बी धुरावर ठेवली तर सुरकुतून मनुका होते. बत्तीस वर्षं धूर खाल्लेली बाई कोवळं फळ चोरेल कशाला? ते एकाच कामाचं असतं..."

"पुरे!" हाजी ओरडला. "तुम्हा लोकांची जीभ फार चालते. ईदच्या तिसऱ्या दिवशी, दुपारच्या नमाजनंतर, माझ्या ओट्यावर ये. पंच काय ते ठरवतील."

तुम्हा लोकांची! रसिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तुम्ही लोक म्हणजे कोण, तर बुटोनच्या बेटांकडून आलेले. रसिमाचा आजा बिनोंको बेटावरचा लोहार. कोयते घडवून विकायला तो या बांदा बेटांवर आला आणि इथंच राहिला. त्याला ऐंशी वर्षं झाली. रसिमाचा बाप इथं जन्मला आणि इथंच पुरला गेला. तिचा नवरा तर याच वरच्या बागेत कनारीच्या झाडावरून पडून मेला. तरी नावापुढे बुटोनी बायकांचं 'वा' लागलं की झालं, बाई परकी! आणि हाजी तालिब मूळचा. मूळचा! ज्यांची ही झाडं मुळात होती त्यांतले बहुतेक गोऱ्यांनी कापून काढले, काहींना जहाजात कोंबून नेलं, उरलेसुरले होड्यांतून केईच्या बेटांकडे पळाले. मग बागा राखायला कुठून कुठून माणसं बांधून आणली. त्यांत जावातून आणलेला एक जण हाजीचा खापरपणजा. त्याच्या पायात बेडी होती, हे खुद्द हाजीची आईच सांगायची. तेव्हा बेडी घालून आलेला तो मूळचा आणि आपल्या पायांनी आलेला तो उपरा, असा हा हिशेब. या बेटावर मूळचं कोण आहे म्हणाल तर जायफळाचं झाड आणि ते गिळणारं कबुतर. बाकी सगळे होडीतून उतरलेले.

पण हे बोलायचं कुणाशी? तिघे निघून गेले. टोपलीही घेऊन गेले.

सासी मोडणाऱ्याची शिक्षा गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. गळ्यात फळांची माळ घालायची, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. बंदराकडच्या पहिल्या घरापासून मशिदीच्या पायरीपर्यंत डबा बडवत जायचं आणि दर दारापुढे थांबून ओरडून सांगायचं: काय घेतलं, कुठून घेतलं, कुणाबरोबर खाल्लं. काही वगळायचं नाही. वगळलं तर पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात. रसिमा नऊ वर्षांची असताना तिने एका माणसाला असं जाताना पाहिलं होतं. दोन नारळांसाठी. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने तो अंबोनला गेला, तो कायमचाच. त्याच्या घराला अजूनही 'चोराचं घर' म्हणतात, आणि आत राहतो बिचारा शाळामास्तर.

म्हणजे आता 'चोरणीचं धुरघर' होणार. त्या धुरघरात कधी धग वाढवायची, कधी राख टाकायची, मूठभर बिया कानाशी हलवून त्या खुळखुळतात की अजून मुक्या आहेत, हे ती झोपेतही सांगू शकली असती. खुळखुळली की ती सुकली, हे कुणीही सांगेल. पण उद्या खुळखुळेल ती बी कोणती, हे फक्त रसिमा सांगायची. नायरा बंदरातला व्यापारी पोतं उघडून न बघता घ्यायचा, कारण ते 'तिच्या धुरातलं' असायचं. ते सगळं आता हाजीच्या कमरपट्ट्यात खोचलेलं होतं.

ईद आली. दरवर्षी तिच्या ओटीवर शेजारपाजारच्या ताटल्यांची रांग लागायची. यंदा एकही ताटली आली नाही. शेजारच्या बायका नव्या कपड्यांत तिच्या दारावरून गेल्या आणि नेमक्या तिथं आल्यावर त्यांना समुद्रात काहीतरी बघण्यासारखं दिसलं. सालेहासुद्धा आली नाही. सालेहा म्हणजे हाजीची बायको. चाळीस वर्षं दोघी मांडीला मांडी लावून पत्री सोलत आल्या होत्या. रसिमा तिला 'उसी' म्हणायची, म्हणजे थोरली बहीण. हाजी कसाही असो, उसी तरी एक चक्कर मारेल, निदान कुंपणावरून हात करेल, असं रसिमाला वाटलं होतं. दोन दिवस तिने वाट पाहिली आणि दोन्ही दिवस तिचा संताप चढतच गेला. परक्याने गळा धरला तर माणूस समजू शकतो, पण आपल्या माणसाने तोंड फिरवायचं म्हणजे काय?

तिसऱ्या दिवशी ती काळी ओढणी घेऊन हाजीच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली.

पाच पंच वेताच्या खुर्च्यांवर बसले होते. मध्ये हाजी. उजवीकडे इमाम, डावीकडे बापा मोख्तार. मोख्तारला समोरचे दोनच दात उरले होते, पण ते दोन्ही कामात असायचे. हाजीचा मुलगा अंबोनहून आपल्या साहेबाला घेऊन आला होता. साहेब कालच्या बोटीने परत गेला होता, आणि पाहुणचार फारच दणक्यात झाला म्हणून हाजी अजून फुगलेला होता. ओट्याच्या कठड्यावर माळ आधीच तयार ठेवलेली. बागेत ओरबाडताना खाली पडलेली हिरवी फळं काथ्यात ओवून केलेली. तिच्या शेजारी रॉकेलचा रिकामा डबा आणि काठी. न्याय व्हायच्या आधीच शिक्षेचं सामान हजर!

"माळ चांगली ओवलीय," रसिमा म्हणाली. "मला विचारायचं तेवढं राहिलं वाटतं."

"गुमान उभी राहा," हाजी म्हणाला. "आधी पंचांना जरा तोंड गोड करू दे."

पंचांनी मान डोलावली. ईदचा तिसरा दिवस, घर हाजीचं. तोंड गोड न करता न्याय कसा करणार? पडदा हलला आणि सालेहा बाहेर आली. हातात मोठी काचेची बरणी, झाकण घट्ट लावलेलं. तिने रसिमाकडे पाहिलं नाही. बरणी तिपाईवर ठेवली, झाकण फिरवलं, आणि फोडींच्या पाकाचा वास ओट्यावर पसरला. जायफळाच्या गराच्या फोडी, कातरून फुलासारख्या उमलवलेल्या, पाकात मुरवलेल्या.

"वा! फोडींशिवाय कसली ईद?" बापा मोख्तारने हात घातला. एक गेली, दुसरी गेली.

इमामने फोड उचलली, अल्लाचं नाव घेऊन तोंडात टाकली आणि चावली. करकर आवाज आला.

तो आवाज रसिमाने ऐकला. तिने बरणीकडे नीट पाहिलं. फोडी पांढऱ्याफटक होत्या, कडेला जरा हिरवट झाक.

"मलाही एक द्या," ती म्हणाली.

चोर ठरवायला बोलावलेली बाई फोड मागते म्हणजे काय!

"द्या की. ईद माझीही आहे. की ईदही मूळच्या लोकांचीच?"

इमाम खुर्चीवरून पुढे वाकला. त्याने स्वतः बरणी पुढे केली. रसिमाने एक फोड घेतली, दाढेखाली धरली आणि सावकाश चावली. पुन्हा तोच आवाज. ती चावतच राहिली, आणि पाचही पंच तिच्या जबड्याकडे बघत राहिले.

"उसी," शेवटी ती म्हणाली, "छान झाल्यात. मिठाचं पाणी एक रात्र, चुन्याची निवळी एक रात्र, मग पाक. आठ दिवसांच्या असतील, नाही?"

सालेहाचा हात झाकणावर होता. तो तिथंच थिजला.

"कसले आठ दिवस?" हाजी म्हणाला. "काहीतरी बोलू नकोस."

"मग किती दिवसांच्या, हाजी? तुम्ही सांगा. झावळ्या बांधून दोन महिने झाले. दोन महिन्यांपूर्वीच्या फोडी आत्तापर्यंत तपकिरी होऊन चिवट व्हायला हव्यात. माझ्या घरी आहेत तशा, दाताला चिकटतात. या करकरतायत! बापा मोख्तार, तुमच्या दोन दातांनीसुद्धा तुटली, खरं की नाही?"

मोख्तारचा हात बरणीत होता. त्याने तो असा काढला की जणू आत विंचू निघाला.

"कोवळं फळ एकाच कामाचं असतं, असं मी सांगत होते. तुम्ही वाक्य पुरं करू दिलं नाहीत," रसिमाचा आवाज चढला. "हे ते काम! तीन झाडांची हिरवी फळं माझ्या धुरघरात नाही गेली. तुमच्या बरणीत आली, साहेबाच्या पोटात गेली, आणि उरलेली आत्ता पंचांनी माझा न्याय करता करता खाल्ली!"

हाजीने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्याला जे कळायचं ते कळलं. त्याला आधी माहीत होतं असं रसिमाला वाटलं नाही. त्याने फक्त विचारलं नव्हतं. बंदीच्या दिवसांत आपल्या घरात ताज्या फोडी आल्या कुठून, हे सासीच्या मुख्य राखणदाराला विचारावंसं वाटलं नाही, आणि रसिमाच्या घरात कबुतरांच्या बिया कुठून आल्या हे मात्र त्याला चपला घालून विचारावंसं वाटलं.

"मुलाचा साहेब येणार होता," सालेहा पुटपुटली. "पहिल्यांदा येणार होता. यांनीच सांगितलं, काही कमी पडता कामा नये. जुन्या फोडी बुरशी लागून गेल्या होत्या. मी... फळं काढायचा टोपलीचा बांबू घेऊन गेले."

"तू आत जा," हाजी म्हणाला.

ती आत गेली. बरणी घेऊन गेली.

मग पंच कुजबुजले. बराच वेळ कुजबुजले. शेवटी इमामने घसा साफ केला. रसिमावरचा आरोप मागे घेण्यात येत आहे. झाली गोष्ट वाईट झाली. हाजीच्या घरून मशिदीला एक पांढरं कापड द्यावं म्हणजे बागेचा मान राहील. सणाचे दिवस आहेत. विषय इथंच संपवावा.

"कापड?" रसिमा म्हणाली.

"जुन्या घराण्यांसाठी तसा रिवाज आहे," हाजी जमिनीकडे बघत म्हणाला. "किल्ली संध्याकाळी पाठवून देतो."

"अस्सं! मी असते तर डबा आणि माळ. तुमच्या घरातलं असलं तर कापड. दोन नारळांवरून ज्याचं घर अजून चोराचं म्हणतात, त्याला कुणी कापड सुचवलं होतं? आणि विषय संपवा म्हणे! मला चोर म्हणालात तेव्हा गावभर ऐकू गेलं. बायकांनी माझ्या दारावरून जाताना माना फिरवल्या. आता चोर नाही म्हणताना कुजबुजताय? तेवढ्याने माझं दार धुतलं जाईल?"

"रसिमा, समजून घे," इमाम म्हणाला. "हाजी झालेल्या माणसाच्या घरच्या बाईला गावातून डबा वाजवत..."

"नका नेऊ तिला. मी जाते."

कुणाला काही कळेना. तिने पुढे होऊन कठड्यावरची माळ उचलली आणि गळ्यात घातली. फळं जड होती, काथ्या मानेला रुतला.

"अगं, पण तू चोरी केलीच नाहीस!" इमाम उठून उभा राहिला.

"खाल्लं तर आहे! बंदीतलं आहे हे आवाजावरून कळल्यावर खाल्लं. तुमच्या सगळ्यांसमोर चावलं. नियम काय सांगतो? काय घेतलं, कुठून घेतलं, कुणाबरोबर खाल्लं. आणि काही वगळायचं नाही." तिने डबा उचलला. "मी नियमाची बाई आहे. वगळणार नाही."

हाजी तालिब कठड्याला धरून उभा राहिला, पण तिला अडवणार कसा? सासी पाळणाऱ्याला अडवायचं नसतं, हा नियम तोच दर शुक्रवारी सांगायचा.

ती आधी खाली बंदराकडे गेली. पहिलं घर जाळी विणणाऱ्याचं. तिने काठी डब्यावर हाणली आणि उन्हात झोपलेली कुत्री उठून पळाली.

"ऐका! मी सासीतलं जायफळ खाल्लं! कुठं? हाजी तालिबच्या ओट्यावर! कुणाबरोबर? एक फोड इमामनी खाल्ली, दोन बापा मोख्तारनी खाल्ल्या, तिसरीला हात घातला होता! कशाला बसले होते? मला चोर ठरवायला!"

दारं उघडली. ईदच्या नव्या कपड्यांतल्या बायका उंबऱ्यावर आल्या. दुसरं घर, तिसरं घर. कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं, कारण त्यांच्याही घरी हाजीकडून ईदची ताटली आली होती आणि तिच्यात फोडी होत्या. चौथ्या घरापुढे रसिमाने तेही सांगितलं. "ताटली ज्यांच्या घरी आली त्यांनी आपापलं बघा! माझ्याकडे आली नव्हती, म्हणून मी एकच खाल्ली!" चौथ्या घराचं दार लागलं. तिने लागलेल्या दारापुढे उभं राहून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पाचव्या घरापर्यंत तिचा आवाज बसला. मान सोलवटली. मनातून ती अजून भडकलेलीच होती, पण त्याच्या खाली दुसरंही काहीतरी दुखत होतं आणि त्यामुळे तिला आणखीच राग येत होता. हाजीचं काय एवढं? तो तसाच होता. पण उसी! पडद्याआड उभी राहून ती सगळं ऐकत होती. माळ ओवली जात होती तेव्हाही ती घरातच होती. एक शब्द बोलली असती तर? तिने साहेबासाठी फळं काढली ते एक वेळ रसिमाने पोटात घातलं असतं. पण चाळीस वर्षं मानलेली बहीण तिच्याऐवजी डबा वाजवत गेली असती आणि ही फोडींची ताटं भरत बसली असती, हे गिळायचं कसं? तिने काठी इतक्या जोराने हाणली की डब्याला पोचा पडला.

सहाव्या घरापुढे ती श्वास घ्यायला थांबली. डबा गप्प होता, तरी आवाज येतच होता.

मागून येत होता. काठीचा नव्हता आणि पत्र्याच्या डब्याचाही नव्हता. किणकिण, बारीक, लोखंडाचा, बरणीच्या झाकणावर कुणीतरी काहीतरी आपटत असल्यासारखा. उंबऱ्यावरच्या बायका रसिमाला सोडून तिच्या पाठीमागे बघत होत्या. एकीने तोंडाला ओढणी लावली.

"मी सासीतलं जायफळ काढलं," मागून सालेहाचा आवाज आला. चोरट्यासारखा, दोन दारांपलीकडे न पोचणारा. "वरच्या बागेतून. तीन झाडांचं. रसिमाने नाही. मी."

पुन्हा किणकिण झाली. आता रसिमाने आवाज ओळखला. तिला वळून बघायची गरज नव्हती. बत्तीस वर्षं ती किल्ली तिने रोज सकाळी खिळ्यावरून काढली होती आणि रोज दाराच्या कडीवर आपटली होती. हाजीच्या कमरपट्ट्यातून ती कशी निघाली ते ज्याचं त्याला माहीत.

तिचा हात एकदम मानेकडे गेला. क्षणभर वाटलं, माळ काढावी आणि मागे जावं. मग तिने हात खाली घेतला, डबा नीट काखेत धरला आणि सातव्या घराकडे चालू लागली.

"जोरात वाजव, उसी," ती मागे न बघता म्हणाली. "आणि पहिल्या घरापासून सुरुवात कर. माझ्यासाठी काही वगळू नकोस."